कोटाच्या खिशातलं वजन

ऑस्ट्रेलियातल्या रॉबिनव्हेल गावात रविवारी चर्च सुटलं की टोंगा बेटांवरून येऊन राहिलेली निम्मी टोंगन वस्ती फुसीताईंच्या अंगणात जेवायला असायची. जमिनीतल्या भट्टीतून काढलेलं डुकराचं मांस, वाफाळलेले तारोचे, म्हणजे अळूसारखे कंद, नारळाच्या दुधात मांस घालून शिजवलेल्या पानांच्या पुड्या. या पुड्यांना टोंगन लोक ‘लू’ म्हणतात, आणि फुसीताईंच्या हातची लू खायला लोक तासाभराच्या अंतरावरच्या मिल्ड्युरा शहरातून गाडी काढून येत. त्यांच्या पंगतीतून कोणी अर्धपोटी उठलं, असं कधी झालं नव्हतं. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

आणि त्याच पंगतीत, त्यांच्या शेजारी बसलेला त्यांचा सख्खा धाकटा भाऊ चार महिने उपाशी होता!

इसिलेली सत्तावन्न वर्षांचा. द्राक्षमळ्यांत छाटणी करणाऱ्या टोळीचा मुकादम. एकशे बारा किलोचा, पहाडासारखा माणूस. हिवाळ्याच्या तोंडावर त्याची जीभ जड झाली. बोलणं बोबडं येऊ लागलं, पाणी पिताना ठसका लागू लागला. मेलबर्नच्या डॉक्टरांनी निदान केलं: स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जाण्याचा आजार. त्याला औषध नाही. काहींना तो हातापायांपासून सुरू होतो, इसिलेलीला जिभेपासून आणि घशापासून झाला होता.

त्या रविवारी फुसीताईंनी लू मऊ कुस्करून त्याच्या पुढ्यात ठेवली. दुसऱ्याच घासाला तो खोकू लागला. खोकता खोकता चेहरा जांभळा पडला, डोळ्यांतून पाणी आलं. अंगणातली तीस माणसं एकदम दुसरीकडे बघू लागली. कोणी उगाच सरबताची बाटली उघडली, कोणी पोरांना ओरडलं. त्याची बायको लोसा पाठ चोळत राहिली. खोकला थांबला, तेव्हा त्यानं ताट हळूच बाजूला सारलं.

“खा रे, हळूहळू खा,” फुसीताई म्हणाल्या. “घाई कसली आहे?”

लोसा चाचरत म्हणाली, “वन्सं, हॉस्पिटलमधून फोन आला होता. पोटात नळी बसवायची म्हणतात. पोटाला बारीकसं छिद्र पाडून थेट जठरात. त्यातून अन्न द्यायचं.”

“नळी?” फुसीताईंनी हातातला डाव खाली ठेवला. “माझा भाऊ काय मोटार आहे, नळीनं भरायला? आणि हालोतीचं काय झालं ते विसरलीस? पक्षाघातातून वाचलेला दांडगा माणूस! नळी घातली आणि एकोणीस दिवसांत गेला. खोटं वाटत असेल तर विचार, ही काय समोर बसली आहे मेलिआमे!”

सगळ्यांचे डोळे मेलिआमेकडे वळले. हालोतीची ही विधवा बदामाच्या कारखान्यात निवडणीचं काम करायची. दोन वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून हे वाक्य तिनं शंभरदा ऐकलं होतं. नळीनं हालोती गेला. दरवेळी करायची तेच तिनं आताही केलं. मान खाली घातली आणि ब्र काढला नाही.

भावाच्या घरात थोरल्या बहिणीचा शब्द शेवटचा, हे टोंगन माणसाला शिकवावं लागत नाही. विषय तिथेच संपला.

तरी हॉस्पिटलची तारीख ठरलेली होती, म्हणून सोमवारी जावं लागलं. लोसाला गाडी येत नव्हती. मेलिआमेनं सुट्टी टाकली आणि दोघांना घेऊन गेली. आहारतज्ज्ञ ब्रॉनविनच्या खोलीच्या दाराशी मेलिआमे थबकली. हालोतीला घेऊन ती याच खोलीत यायची.

ब्रॉनविन साठीकडे झुकलेली, आखूड केसांची, मोठ्यानं बोलणारी बाई होती. तिनं मेलिआमेला ओळखलं, पण काही बोलली नाही. इसिलेलीला म्हणाली, “या मुकादम! बूट काढा, कोट काढा, खिसे रिकामे करा. माझ्या काट्यावर सगळे सारखे.”

काटा शंभर किलोवर थांबला.

“शंभर म्हणजे भरपूर की हो!” लोसाला हायसं वाटलं.

“आकडा मोठा दिसतो, पण फसवा आहे,” ब्रॉनविन म्हणाली. “चार महिन्यांत बारा किलो गेले. मूळ वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त. आणि ही काही चरबी झडलेली नाही. हे दंड बघा. श्वास घ्यायला लागतं ते मांस झिजतंय. आज श्वासाची तपासणी झाली, त्यात ताकद दोन तृतीयांश उरली आहे. ती निम्म्याच्या खाली गेली की नळी बसवणं फार जोखमीचं होतं. आज जोखीम कमी आहे. येत्या गुरुवारी ऑपरेशनचं टेबल मोकळं आहे. ते हुकलं तर पुढची तारीख दीड महिन्यानं.”

“पण नळीनं माणूस जातो म्हणतात,” लोसा मेलिआमेकडे बघत पुटपुटली.

ब्रॉनविननं खुर्ची जवळ ओढली. “ते अगदीच खोटं नाही, लोसा. नळी बसवल्यावर काही माणसं महिन्याभरात जातात, मी पाहिली आहेत. पण बहुतेक वेळा कोण जातात? जे येतात तेव्हाच हाडांचा सापळा झालेले असतात, ते. रक्तातली प्रथिनं संपलेली असतात, छातीत पू झालेला असतो. त्या शरीराला बारीकशी जखमसुद्धा भरून काढता येत नाही. महिनोन्महिने उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न घातलं, तर तेही सोसत नाही. मग माणूस जातो आणि घरचे म्हणतात, नळीनं गेला. ते ऐकून पुढचं घर आणखी उशीर करतं. त्यांचाही माणूस जातो. मग तिसरं घर घाबरतं. बावीस वर्षं मी हेच बघते आहे!”

“म्हणजे नळीनं हे बरे होतील?”

“नाही. हा आजार नळीनं बरा होत नाही, कशानंच होत नाही. हे मी यांच्या तोंडावर सांगते आहे, कारण यांना ते माहीत आहे. पण आजारानं जाणं वेगळं आणि उपासमारीनं जाणं वेगळं. आजार माझ्या हातात नाही. उपासमार आहे.”

इसिलेली एकटक तिच्याकडे बघत होता. त्यानं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण शब्द उमटेना, आणि लोसा घाईनं म्हणाली, “वन्संना विचारून सांगते.”

दोघं गाडीत बसल्यावर मेलिआमे पिशवी विसरल्याचं सांगून परत वर आली. ब्रॉनविन कागद भरत होती.

“तू त्यांना हालोतीचं सांगितलं नाहीस,” मेलिआमे म्हणाली.

“पेशंटची गोष्ट मी बाहेर सांगत नाही. ती तुझी आहे.”

मेलिआमेनं विचारलं. “तू म्हणालीस तेव्हाच मी हो म्हटलं असतं, तर हालोती वाचला असता?”

ब्रॉनविननं पेन खाली ठेवलं. “माहीत नाही. खरंच माहीत नाही. पण त्याला जगायची बरीच जास्त संधी मिळाली असती, एवढं नक्की. आणि चूक एकट्या तुझी नव्हती. कोट काढ म्हणून मी अडून बसायला हवं होतं. त्या दिवसापासून माझ्या खोलीत कोणी कोट घालून काट्यावर चढत नाही.”

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना छाटलेल्या वेलींच्या रांगा पळत होत्या. लोसा गप्प रडत होती. मेलिआमेनं आरशातून मागे बसलेल्या इसिलेलीकडे पाहिलं. त्याच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल लोंबत होती. हालोतीची अशीच लोंबायची. तेव्हा तिनं कॉलरला आतून टाका घातला होता, कोणाला दिसू नये म्हणून.

त्या प्रवासातच तिनं ठरवलं. आता गप्प बसायचं नाही. लोकांनी तोंडावर थुंकलं तरी चालेल!

मंगळवारी संध्याकाळी फुसीताईंच्या घरी बैठक होती. चटया अंथरल्या होत्या. इसिलेली, लोसा, चर्चमधली चार वडीलधारी माणसं. मधोमध फुसीताई. नको म्हणायचं ठरलंच होतं, प्रार्थना म्हणून उठायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात मेलिआमे आत आली. तिच्या हातात हालोतीचा चर्चला जायचा काळा लोकरी कोट होता. ती गुडघ्यांवर बसली आणि कोट तिनं फुसीताईंपुढे केला.

“धरा, फुसीताई.”

फुसीताईंनी कोट घेतला आणि त्यांचे हात खाली गेले. “अगं, यात भरलंय काय? दगड?”

“खिशात हात घाला.”

एका खिशातून छाटणीच्या दोन लोखंडी कात्र्या निघाल्या. दुसऱ्यातून मासेमारीच्या जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं.

“हे काय आहे?”

“मी हालोतीला हॉस्पिटलच्या काट्यावर असं चढवायची.” मेलिआमे बोलत राहिली. “पक्षाघाताचा झटका आल्यावर त्याला गिळता येईना. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी नळी सुचवली होती. मी नको म्हटलं. नवऱ्याला नळीनं भरवते, म्हणजे हिला रांधता येत नाही, हिनं त्याला उपाशी ठेवलं, असं तुम्ही सगळे म्हणाल, ही भीती. तो रोज खोकायचा. अर्धं अन्न फुप्फुसात जायचं. वजन उतरायला लागलं, तेव्हा मी कोट घालून न्यायची. त्याला थंडी वाजते, कोट राहू द्या, म्हणायची. त्याला बोलता येत नव्हतं, फुसीताई! तो नुसता माझ्याकडे बघायचा. बूट, कोट, खिशात हे सगळं. चार महिने मी काट्याला फसवलं; घट दिसायची, पण खरी होती त्याहून बरीच कमी. शेवटी न्यूमोनिया होऊन तो खाटेवर पडला, तेव्हा त्यांनी खाटेसकट वजन केलं. एकशे अठरा किलोचा माणूस एक्क्याऐंशीवर आला होता. मग नळी घातली. तेव्हा घालून काय उपयोग होता?”

फुसीताईंनी शिशाचं एक वजन चटईवर ठेवलं.

“नळीनं हालोती गेला नाही. माझ्या उशिरानं गेला. आणि तुम्ही नळीला दोष दिलात, तेव्हा मला बरं वाटलं. दोन वर्षं बरं वाटून घेतलं मी. पण माझ्या खोट्यापायी आता इसिलेली जाणार असेल, तर मला ते झेपणार नाही!”

फुसीताईंचा चेहरा रागानं लाल झाला. “निर्लज्ज! त्याच्या मातीला आम्ही सगळे उभे होतो. तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?”

“हो, शिवलं होतं. मला हवं ते बोला. हाकलून द्या. पण आधी एक करा, फुसीताई. गेले चार महिने आपण सगळे इसिलेलीबद्दल बोलतोय. तुम्ही बोलता, मी बोलले, लोसा बोलते. त्याला कोणी विचारलंय का?”

खरंच, कोणी विचारलं नव्हतं! ज्याला नीट बोलता येत नाही, त्याला काही म्हणायचंही नसतं, असं आपण किती सहज धरून चालतो!

इसिलेलीनं हात पुढे केला. लोसानं इकडेतिकडे पाहिलं आणि द्राक्षाच्या खोक्याचा एक पुठ्ठा आणि पेन त्याच्या हातात दिलं. मुकादमाच्या जाड बोटांनी तो सावकाश लिहू लागला. लिहून झाल्यावर पुठ्ठा बायकोला न देता त्यानं बहिणीकडे सरकवला.

फुसीताईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “ताई, मला भूक लागते.” पुढचं वाचताना त्यांचा आवाज बसत गेला. “रोज लागते. तू वाढतेस, मी खोकतो, सगळे तोंड फिरवतात. म्हणून मी पोट भरलं म्हणतो. मला नळी हवी आहे.”

पुठ्ठा त्यांच्या मांडीवर पडला. ज्या बाईच्या अंगणातून आयुष्यात कोणी उपाशी गेलं नव्हतं, तिनं तोंडात पदर कोंबावा तसा आपल्या झग्याचा काठ तोंडात कोंबला आणि ती हमसून हमसून रडू लागली.

“माझ्या ताटावर? माझ्या समोर बसून उपाशी? अरे गाढवा, सांगितलं का नाहीस!”

इसिलेली हसायचा प्रयत्न करत होता आणि त्याच्या डोळ्यांतूनही धारा लागल्या होत्या. फुसीताईंनी नाक पुसलं, पाठ ताठ केली आणि लोसाला म्हणाल्या, “बघतेस काय? त्या बाईला फोन लाव. गुरुवार म्हणाली ना? गुरुवार तर गुरुवार!”

हॉस्पिटलचं ऑफिस तेव्हा बंद झालं होतं. बुधवारी सकाळी दार उघडायच्या आधी फुसीताई स्वतः तिथे जाऊन उभ्या होत्या.

गुरुवारी नळी बसली. अर्ध्या तासाचं काम. पहिले चार दिवस पोट दुखलं, जखमेच्या कडेला लाली आली, ती औषधानं गेली. नर्सनं लोसाला शिकवायला घेतलं, तर फुसीताई मध्ये. “लोसा, तू सरक. नर्सबाई, मला दाखवा आधी.” मोठी पिचकारी नळीला कशी जोडायची, डोकं उंच ठेवून डब्यातलं दुधासारखं अन्न हळूहळू कसं सोडायचं, शेवटी पाण्यानं नळी कशी धुवायची, सगळं त्यांनी दोन दिवसांत आत्मसात केलं. एका गोष्टीवर मात्र त्यांचं ब्रॉनविनशी कडाक्याचं भांडण झालं.

“हे डब्यातलं दूध बेचव आहे. यात थोडं नारळाचं दूध घालते.”

“फुसी, ते जिभेवरून जातच नाही. चव कोणाला कळणार?”

“मला कळते ना!”

“नळी तुंबली तर मी रविवारी येणार नाही हं उघडायला.”

शेवटी तोडगा निघाला. घशाची तपासणी करून ब्रॉनविनच्या सहकाऱ्यांनी परवानगी दिली, तेव्हा फुसीताई लूचा दाट रस चमच्याच्या टोकावर घेऊन भावाच्या जिभेला लावू लागल्या. पोट नळीनं भरायचं, चव जिभेनं घ्यायची. खोकला आला की थांबायचं. आता अंगणात कोणी तोंड फिरवत नव्हतं.

दोन महिन्यांत वजन एकशे तीनवर गेलं आणि तिथे टिकलं. छाटणीच्या हंगामात इसिलेली मळ्याच्या बांधावर खुर्ची टाकून बसला आणि नव्या पोरांच्या चुकलेल्या कापाकडे काठी रोखत राहिला. आजार थांबला नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी त्याचे हात गेले, मग पाय. पण तो उपाशी नव्हता, आणि त्यामुळे त्याला वेळ मिळाला. त्या वेळात त्यानं टोळी दुसऱ्याच्या हाती सोपवली, टोंगात जाऊन आईच्या थडग्यापाशी बसून आला, लोसाला गाडी शिकायला लावली आणि मागे बसून तिच्या प्रत्येक वळणाला डोळे गरागरा फिरवले. नळी बसल्यानंतर पंचवीस महिन्यांनी, सगळी माणसं भोवती असताना, तो शांतपणे गेला. त्या दिवशी अंगणात कोणीही म्हणालं नाही की नळीनं गेला.

मेलिआमेला मात्र सत्याची किंमत मोजावी लागली. हालोतीच्या बहिणींनी वर्षभर तिच्याशी बोलणं टाकलं. चर्चमध्ये तिच्या शेजारची जागा कित्येक रविवार रिकामी राहिली. तरी ती गेली, प्रत्येक रविवारी गेली. एके दिवशी फुसीताई आपली नेहमीची पुढची जागा सोडून मागे आल्या आणि तिच्या शेजारी धपकन बसल्या. “सरक जरा,” एवढंच म्हणाल्या.

पुढे पुढे लोकच मेलिआमेकडे येऊ लागले. कोणाचा बाप जिभेच्या कर्करोगाचा, कोणाची बहीण झटका आलेली. ती डॉक्टर नव्हती आणि तसा आवही आणत नव्हती. नळी घालाच, असंही ती कधी म्हणाली नाही. एका नव्वदीच्या आजीला कोणाचीच ओळख उरली नव्हती, घासाला तोंडही उघडेना. तिच्या घरच्यांना डॉक्टरांनी समजावलं की इथे नळीनं त्रासच वाढेल. तेव्हा मेलिआमे त्यांच्याबरोबर बसून आजीचे ओठ ओले करत राहिली. पण येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगायची. “वजन खरं करा, कोट काढून. डॉक्टरांना विचारायचं ते आज विचारा. आणि ज्याचं पोट आहे त्याला आधी विचारा.”

वाचकहो, आपणही जेवू घालण्यातच माया मानणारी माणसं. घरातलं कोणी घास गिळताना खोकतंय, कोणाचे कपडे सैल होताहेत, हे आपल्याला दिसतं, आणि लोक काय म्हणतील या भीतीनं आपण ताट पुन्हा भरतो आणि तोंड फिरवतो. त्या माणसाच्या जगण्याचे दिवस त्या फिरवलेल्या तोंडांमागे संपत असतात. आजार कोणाच्या हातात नसतो. पण आपल्या माणसाला आपल्या लाजेपायी उपाशी ठेवायचं नाही, हे नक्की आपल्या हातात आहे!